शालेय संगणक-जाळ्यांतील समान मेनू

शाळेतील एकमेकांशी जोडलेल्या संगणकांपैकी कोणत्याही यंत्रापुढे विद्यार्थी बसला, तरी त्याला आज्ञावलींची तीच यादी त्याच क्रमाने दिसावी, यासाठी करण्यात येणाऱ्या योजनेस समान मेनूची व्यवस्था म्हणतात. मेनू म्हणजे पडद्यावर मांडलेली निवडसूची. लेखन, चित्रकला, भूमितीच्या आकृत्या, टंकलेखनाचा सराव यांपैकी हवी ती आज्ञावली या सूचीतून सुरू करता येते. कार्यालयातील संगणक बहुधा एकाच कर्मचाऱ्याच्या हाती असतो व त्याने आपली सूची कशीही मांडली, तरी इतरांचे त्यात काही अडत नाही. शाळेत मात्र एकच यंत्र दिवसातून सहा-सात मुलांच्या हाताखालून जाते. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो आणि शिक्षक वर्गापुढे उभे राहून सर्वांना एकच सूचना देत असतात. तीस यंत्रांपैकी पाच यंत्रांवर सूची निराळी असेल, तर शिक्षकांना त्या पाच मुलांकडे जावे लागते आणि उरलेले पंचवीस जण थांबून राहतात. म्हणून बाहेरून किरकोळ दिसणारा हा प्रश्न शालेय संगणकशिक्षणाच्या इतिहासात सतत पुढे येत राहिला.

मेनू तीन ठिकाणी ठेवता येतो : प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या तबकडीवर, सर्वांना सामाईक अशा मध्यवर्ती सर्व्हरवर, किंवा प्रत्येक विद्यार्थ्याच्या खाजगी साठ्यात. पहिल्या ठिकाणी तो त्या यंत्रावर उपलब्ध असलेल्या आज्ञावलींशी तंतोतंत जुळतो. परंतु बदल करावयाचा झाल्यास प्रत्येक यंत्रापाशी जावे लागते. दुसऱ्या ठिकाणी बदल एकदाच करावा लागतो. पण सर्व्हर बंद पडला की सर्व वर्ग बंद पडतो. तिसऱ्या ठिकाणी विद्यार्थ्याची आवडनिवड राखली जाते आणि समानता हळूहळू नाहीशी होते. पुढील चाळीस वर्षांत निघालेले बहुतेक उपाय म्हणजे या तीन ठिकाणांमधील तडजोडी होत.

प्रारंभीचा काळ : ब्रिटनच्या उद्योग खात्याने १९८१ मध्ये माध्यमिक शाळांना संगणकाची निम्मी किंमत देण्याची योजना सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकॉर्न या कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आला. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातही हाच संगणक निवडण्यात आला होता, त्यामुळे तो येथील काही शाळांच्याही परिचयाचा झाला. त्या काळी तबकडीयंत्र महाग होते व प्रत्येक संगणकाला ते देणे शाळांना परवडत नसे. ही अडचण एकॉर्नच्या ‘इकोनेट’ या जाळ्याने दूर केली. त्यात प्रत्येक यंत्राला १ ते २५४ यांमधील एक स्थानक्रमांक असे. हा क्रमांक यंत्र उघडून आतील पट्टीवर तारांचे दुवे जोडून ठरवावा लागे. २५४ हा क्रमांक बहुधा फाइली सांभाळणाऱ्या सर्व्हरला देत.

जाळ्यात शिरण्यासाठी विद्यार्थी ‘आय ॲम’ या आज्ञेपुढे आपले नाव टंकलिखित करी. सर्व्हरला नाव पटले की त्या विद्यार्थ्याच्या साठ्यातील ‘बूट’ नावाची छोटी फाइल आपोआप चालवली जाई. शिक्षकांनी या सोयीचा उपयोग करून घेतला. प्रत्येकाच्या ‘बूट’ फाइलीत एक-दोन ओळी लिहून त्यांनी सर्वांना सामाईक ग्रंथालय-विभागातील एकाच मेनू-आज्ञावलीकडे वळवले. ही आज्ञावली बहुधा शिक्षकांनीच बेसिक भाषेत लिहिलेली असे. मेनू एका जागी आणि त्याकडे बोट दाखवणाऱ्या ओळी अनेक जागी, ही रचना पुढे फार मोठ्या प्रणालींनीही स्वीकारली. तिचे मूळ शाळांतील या घरगुती युक्तीत दिसते. तिच्यात उणिवाही होत्या. ‘ब्रेक’ ही कळ दाबली की मेनू नाहीसा होऊन बेसिकची कोरी ओळ समोर येई. विद्यार्थ्याचा साठा त्याच्याच मालकीचा असल्याने ‘बूट’ फाइल त्याला पुसताही येई. परवलीचे शब्द तारेवरून उघडेच जात व चौकस मुलांना ते वाचण्याचा मार्ग सापडण्यास वेळ लागत नसे.

वैयक्तिक संगणकांची आयबीएम-पद्धतीची यंत्रे शाळांत आल्यानंतर नॉव्हेल कंपनीच्या ‘नेटवेअर’ने (१९८३ पासून) हीच कल्पना अधिक पद्धतशीर केली. नेटवेअरमध्ये विद्यार्थी जाळ्यात शिरताच प्रथम सर्वांसाठी असलेली प्रवेश-संहिता चाले, मग त्याची खाजगी संहिता. सर्वांच्या संहितेत ‘अमुक गटाचा सदस्य असल्यास’ अशी अट घालता येई. त्यामुळे शिक्षक, मोठे विद्यार्थी व लहान विद्यार्थी यांना निरनिराळे मेनू देणे शक्य झाले. मेनूची फाइल साध्या मजकुराची असे. शीर्षक, त्याखाली पर्याय आणि प्रत्येक पर्यायाखाली आत सरकवून लिहिलेल्या आज्ञा एवढीच तिची रचना. कोणाही शिक्षकाला ती वाचता व दुरुस्त करता येत असे. हा गुण पुढील प्रणालींत बराच काळ हरवला.

विंडोजमधील मेनू : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्ये (१९९२) आज्ञावलींची चित्रे गटवार खिडक्यांत मांडलेली असत. प्रत्येक गटाची एक स्वतंत्र फाइल असे. ती द्विमान संकेतांत असल्याने डोळ्यांनी वाचता येत नसे. संपूर्ण विंडोज सर्व्हरवर एकदाच बसवून प्रत्येक विद्यार्थ्याच्या साठ्यात केवळ त्याच्या वैयक्तिक फाइली ठेवण्याची सोय या आवृत्तीत होती. गटांच्या फाइली सर्व्हरवर ‘केवळ वाचनासाठी’ ठेवल्या की अनेक विद्यार्थ्यांना त्या एकाच वेळी वापरता येत आणि कोणालाही बदलता येत नसत. ‘प्रोगमॅन’ या मांडणी-फाइलीत निर्बंधांचा एक विभाग लिहून आज्ञा देण्याची सोय, बाहेर पडण्याची सोय किंवा गटांतील फेरबदल बंद करता येत. या निर्बंधांची खरी मर्यादा अशी की ते फक्त त्या एका खिडकीपुरते होते. फाइली उघडण्याची दुसरी कोणतीही आज्ञावली हाती लागली, की ते ओलांडता येत.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ‘स्टार्ट’ मेनू आणला. हा मेनू म्हणजे प्रत्यक्षात तबकडीवरील एक विभाग होय. त्यातील उपविभाग म्हणजे उपमेनू आणि त्यांतील छोट्या दुवा-फाइली म्हणजे आज्ञावलींची नावे. मेनू बदलण्यासाठी दुवा-फाइली इकडून तिकडे हलवणे पुरेसे झाले. विंडोज एनटी ४.० (१९९६) व नंतरच्या आवृत्त्यांत पडद्यावर दिसणारा मेनू दोन विभागांच्या मिलाफाने तयार होई : एक त्या यंत्रावरील सर्वांसाठी असलेला आणि दुसरा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या रूपरेखेतील. ‘रूपरेखा’ म्हणजे वापरणाऱ्याचा मेनू, डेस्कटॉप, रंग, आवडीनिवडी इत्यादींचा संच. ती सर्व्हरवर ठेवल्यास विद्यार्थ्यामागोमाग कोणत्याही यंत्रावर जाऊ शके. तिला फिरती रूपरेखा म्हणत.

शाळांत फिरती रूपरेखा त्रासदायक ठरली. जाळ्यात शिरताना ती संपूर्ण यंत्रावर उतरवली जाई व बाहेर पडताना परत पाठवली जाई. एका रूपरेखेचा आकार १० मेगाबाइट धरला, तर तीस मुलांच्या वर्गासाठी ३०० मेगाबाइट म्हणजे २,४०० मेगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. तत्कालीन सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जाळ्यावर यास, कोणताही अडथळा आला नाही असे मानले तरी, चार मिनिटे लागतात. आणि हा सर्व भार तासाच्या घंटेबरोबर एकदमच येतो. कार्यालयात कर्मचारी सकाळी मागेपुढे येतात, त्यामुळे तेथे हा दोष इतका जाणवत नसे. अनेक शाळांनी म्हणून सक्तीची रूपरेखा पत्करली. रूपरेखेतील ‘यूझर’ या फाइलीच्या नावाचे ‘डॅट’ हे शेपूट बदलून ‘मॅन’ असे केले, की तीत झालेला कोणताही बदल विद्यार्थी बाहेर पडताच टाकून दिला जाई. अशी एकच छोटी रूपरेखा सर्व विद्यार्थ्यांना देता येत असे. समानता पूर्ण साधली. पण दहावीतील विद्यार्थ्याने वर्षभर जमवलेली स्वतःची मांडणीही तीत टिकत नसे. ही किंमत थोडी नव्हे, कारण संगणक आपल्या कामाप्रमाणे मांडून घेणे हाही शिकण्याचाच भाग आहे.

याच काळात ‘धोरण-फाइल’ ही नवी कल्पना आली. विशिष्ट गटाच्या मुलांना ‘रन’ ही आज्ञा दिसू नये, नियंत्रण-पटल उघडू नये, सामाईक गट लपवावेत, असे नियम एका फाइलीत नोंदवून ती सर्व्हरवर ठेवली की प्रत्येक यंत्र प्रवेशाच्या वेळी ती वाचत असे. हे नियम यंत्राच्या नोंदवहीत कायमचे कोरले जात व धोरण काढून टाकल्यावरही मागे राहत. व्यवस्थापक त्यास ‘गोंदण’ म्हणू लागले, आणि ते नाव अगदी समर्पक होते. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मधील ‘गट-धोरणा’ने हा दोष बराचसा दूर केला. धोरणे नोंदवहीच्या वेगळ्या भागात राहू लागली, काढून टाकताच नाहीशी होऊ लागली आणि यंत्र चालू असतानाही सामान्यतः दर ९० मिनिटांनी नव्याने वाचली जाऊ लागली. सर्व यंत्रांनी सर्व्हरवर एकाच वेळी गर्दी करू नये म्हणून या ९० मिनिटांत अर्ध्या तासापर्यंतची यदृच्छ भर घातलेली असते.

शाळांच्या दृष्टीने गट-धोरणातील सर्वांत उपयुक्त तरतूद म्हणजे उलटफेरीची पद्धत होय. सामान्यतः मेनू व्यक्तीप्रमाणे ठरतो. उलटफेरी चालू केल्यास तो व्यक्ती ज्या यंत्रापुढे बसली आहे त्या यंत्राप्रमाणे ठरतो. एकच विद्यार्थी ग्रंथालयात बसला तर त्याला शोधसूची दिसते आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसला तर मापनाच्या आज्ञावली. स्टार्ट मेनूचा विभागच सर्व्हरवरील एका सामाईक विभागाकडे वळवण्याची सोयही यात होती. तिच्यामुळे मात्र एक जुनी अडचण नव्या रूपात आली : मेनूत नाव आहे, पण या यंत्रावर ती आज्ञावलीच बसवलेली नाही. असे मृत दुवे लहान मुलांना गोंधळात टाकीत आणि तासाचा वेळ खात.

मुक्त प्रणाली व नॉर्वेतील प्रयोग : युनिक्स परंपरेत हा प्रश्न विद्यापीठांनी आधीच हाताळला होता. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९८३ मध्ये सुरू केलेल्या ‘अथीना’ प्रकल्पाचा उद्देशच असा होता, की विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही सार्वजनिक यंत्रापुढे बसावे व त्याला आपले नेहमीचे वातावरण मिळावे. एक्स ही खिडक्यांची प्रणाली आणि केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत या प्रकल्पातूनच पुढे आल्या. तेथील साधनसंपत्ती शाळांना परवडणारी नव्हती. १९९९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात जिम मॅकविलन यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पा’ने तिची स्वस्त आवृत्ती शक्य केली. कार्यालयांनी टाकून दिलेले, तबकडी नसलेले जुने संगणक जाळ्यावरूनच सुरू होत व केवळ पडदा आणि कळफलक म्हणून काम करीत. सर्व आज्ञावली सर्व्हरवर चालत. मेनू प्रत्यक्षात एकाच यंत्रावर असल्याने तो विसंगत होण्याचा प्रश्नच उरत नसे. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे शाळांसाठी याची खास आवृत्ती तयार करण्यात आली. या प्रणालीचे २०१९ मध्ये ग्रीसमधून नव्याने लेखन करण्यात आले.

नॉर्वेत २ जुलै २००१ रोजी ‘स्कूललिनक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यामागे परवान्यांच्या खर्चाइतकेच भाषेचेही कारण होते. नॉर्वेजियन भाषेची बूकमोल व नीनोर्स्क अशी दोन अधिकृत लिखित रूपे आहेत. शाळेची पाठ्यपुस्तके दोन्ही रूपांत एकाच वेळी व एकाच किमतीस उपलब्ध असली पाहिजेत, अशी तेथील १९९८ च्या शिक्षण कायद्यात तरतूद होती. उत्तरेकडील सामी लोकांची भाषा आणखी वेगळी. पुस्तक आपल्या भाषेत आणि त्या पुस्तकाने उघडावयास सांगितलेला मेनू दुसऱ्या भाषेत, ही विसंगती या प्रकल्पाच्या प्रवर्तकांना खटकत होती. आज्ञावलींचा मूळ मजकूर खुला असल्याने तो या तिन्ही भाषांत आणता येत होता व विक्रेत्याची वाट पाहावी लागत नव्हती. फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे सुरू झालेला ‘डेबियन एड्यू’ हा प्रकल्प नंतर यात मिसळला. पहिली पूर्ण आवृत्ती २० जून २००४ रोजी प्रसिद्ध झाली. मुख्य सर्व्हरचे नाव ‘टेनर’ असे ठेवलेले असते. नॉर्वेजियनमध्ये त्याचा अर्थ सर्व्हर असाही होतो आणि सेवक असाही. संगणकतज्ज्ञ नसलेल्या शिक्षकालाही संपूर्ण शाळेचे जाळे उभारता यावे म्हणून मुख्य सर्व्हर, टर्मिनल-सर्व्हर व कार्ययंत्र अशा ठराविक भूमिका आधीच आखून दिलेल्या असतात. विद्यार्थ्यांची नावे एका मध्यवर्ती निर्देशिकेत आणि त्यांचे साठे मुख्य सर्व्हरवर राहतात.

लिनक्सवरील मेनूची स्थिती मात्र प्रारंभी विस्कळीत होती. केडीई व ग्नोम हे दोन प्रमुख डेस्कटॉप आपापल्या पद्धतीने मेनू लिहीत. डेबियनची तिसरी स्वतंत्र पद्धत होती. एका यंत्रावर केडीई व दुसऱ्यावर ग्नोम असेल, तर एकच आज्ञावली दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या उपमेनूंत सापडे. २००० मध्ये हॅवक पेनिंग्टन यांनी सुरू केलेल्या ‘फ्रीडेस्कटॉप’ या सहकारी उपक्रमातून सामाईक मेनूचे विनिर्देश तयार झाले. केडीईने ते फेब्रुवारी २००४ च्या ३.२ या आवृत्तीत आणि ग्नोमने मार्च २००५ च्या २.१० मध्ये स्वीकारले. डेबियनच्या तांत्रिक समितीनेही सप्टेंबर २०१५ मध्ये जुनी पद्धत मागे टाकून हीच मान्य केली.

या विनिर्देशांची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक आज्ञावली आपली एक छोटी मजकूर-फाइल ठेवते. तीत नाव, चित्र, चालवावयाची आज्ञा आणि ‘शिक्षण’, ‘गणित’, ‘भाषा’ यांसारखे वर्ग नोंदलेले असतात. मेनूचा सांगाडा दुसऱ्या, स्वतंत्र फाइलीत असतो. कोणत्या वर्गाची आज्ञावली कोणत्या उपमेनूत जावी एवढेच तो सांगतो. संगणक या दोन्ही फाइली ठराविक क्रमाने अनेक विभागांत शोधतो : आधी वापरणाऱ्याच्या साठ्यात, मग शाळेच्या विभागात, शेवटी मूळ प्रणालीत. आधी सापडलेली नोंद नंतरच्या नोंदीवर मात करते. शाळेला मूळ फाइलींना हात न लावता आपला थर वर घालता येतो, आणि प्रणालीची पुढील आवृत्ती आली तरी तो थर टिकतो. शिवाय फाइलीत ‘ही आज्ञा तबकडीवर सापडली तरच दाखवा’ अशी ओळ लिहिता येते. विंडोजमधील मृत दुव्यांचा प्रश्न या एका ओळीने सुटतो. सर्व काही साध्या मजकुरात असल्याने नेटवेअरच्या काळी शिक्षकांना मिळालेली वाचनीयता येथे परत आली.

वरच्या थरात विद्यार्थी स्वतः बदल करू शकतो, हे मात्र सर्वच शाळांना मान्य नव्हते. केडीईने त्यासाठी ‘किऑस्क’ नावाची व्यवस्था ठेवली. मांडणी-फाइलीतील एखाद्या ओळीपुढे डॉलरचे चिन्ह व ‘आय’ हे अक्षर चौकटी कंसात लिहिले, की ती ओळ गोठते व खालचा कोणताही थर तिला बदलू शकत नाही. ग्नोममध्ये सक्तीची मूल्ये व सुचवलेली मूल्ये यांचे दोन वेगळे साठे असत. सुचवलेले मूल्य नवख्या विद्यार्थ्याला समान मेनू देते आणि जाणत्याला तो बदलू देते. विंडोजच्या सक्तीच्या रूपरेखेत हा भेद नव्हता. शिक्षणाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा मानावा लागेल. डेबियनमध्ये पुढे भूमिकेनुसार मेनू देण्याचीही सोय झाली.

भाषा आणि क्रम : आज्ञावलीच्या मजकूर-फाइलीत नावाची ओळ अनेकदा लिहिता येते. प्रत्येक वेळी चौकटी कंसात भाषेचा संकेत द्यावयाचा : बूकमोलसाठी ‘एनबी’, नीनोर्स्कसाठी ‘एनएन’, उत्तर सामीसाठी ‘एसई’, मराठीसाठी ‘एमआर’. विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी निवडलेल्या भाषेतील ओळ पडद्यावर येते. एकाच सर्व्हरवरील एकाच मेनूतून शेजारी बसलेली दोन मुले दोन भाषांतील नावे वाचू शकतात. समान मेनू म्हणजे समान भाषा हे जुने समीकरण येथे तुटले.

यातून एक अनपेक्षित अडचण निघाली. सांगाड्यात वेगळे सांगितले नसेल, तर मेनूतील नोंदी दिसणाऱ्या नावाच्या वर्णक्रमाने लावल्या जातात. इंग्रजीत एज्युकेशन, गेम्स, ग्राफिक्स व ऑफिस या क्रमाने येणारे वर्ग मराठीत शिक्षण, खेळ, चित्रकला व कार्यालय असे झाले, तर कार्यालय पहिले, खेळ दुसरे, चित्रकला तिसरी आणि शिक्षण अगदी शेवटी जाते. ‘वरून पहिल्या नावावर टिचकी मारा’ ही शिक्षकांची सूचना अर्ध्या वर्गाला चुकीच्या जागी नेते. विनिर्देशांत क्रम गोठवण्यासाठी मांडणीचा एक वेगळा घटक आहे. तो वापरला असता नावे कोणत्याही भाषेत असली, तरी जागा तीच राहते. मिश्र भाषांच्या वर्गात हा घटक आग्रहाने वापरणे इष्ट होय. व्यवहारात मात्र त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

स्पेनमधील एस्त्रेमादुरा प्रांताने एप्रिल २००२ मध्ये आपल्या शाळांसाठी ‘लिनेक्स’ ही प्रणाली आणली आणि दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक देण्याचे धोरण स्वीकारले. तेथे नावांचा प्रयोग फार पुढे नेण्यात आला : चित्रकलेच्या आज्ञावलीला सतराव्या शतकातील स्थानिक चित्रकार थुर्बारान यांचे, तर लेखनाच्या आज्ञावलीला एकोणिसाव्या शतकातील कवी एस्प्रोन्सेदा यांचे नाव देण्यात आले. प्रांताच्या अभिमानाला हे साजेसे होते. परंतु शाळा सोडून दुसऱ्या प्रांतात गेलेल्या मुलाला ती नावे कोठेच आढळणार नव्हती, हा त्यावरील आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही.

भारतातील स्थिती : केरळ शासनाने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पाने काही वर्षांतच शाळांत मुक्त प्रणाली आणली, २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय संस्थेत रूपांतर झाले. केरळच्या संगणकविषयक पाठ्यपुस्तकांत आज्ञावली उघडण्याचा मार्ग मेनू, उपमेनू, नाव असा छापलेला असतो. त्यामुळे समान मेनू हा तेथे एका शाळेपुरता विषय न राहता सबंध राज्याच्या पाठ्यपुस्तकाशी बांधला गेला, आणि तो साधण्यासाठी सर्व शाळांना एकाच रूपात तयार केलेली प्रणाली वाटण्यात येते. बहुतेक शाळांत कायम व्यवस्थापक नसताना हा मार्ग जाळ्यावरील सूक्ष्म नियंत्रणापेक्षा व्यवहार्य ठरला. त्याची अडचण पुस्तकाच्या आयुष्यात आहे : प्रणालीची आवृत्ती बदलली व मेनूची मांडणी हलली, की छापलेला मार्ग चुकतो, आणि पुस्तक काही त्याच वर्षी बदलत नाही.

मराठीत मेनू दिसण्यासाठी आधी देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट जुळावी लागतात. ग्नोम २ (२००२) पासून युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे समाधानकारक रीतीने उमटू लागली. त्यानंतरही बराच काळ ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाचीच दिसत. मराठी वळणाची अक्षरे असलेले मुक्त टंक नंतर आले. प्रगत संगणन विकास केंद्राने विकसित केलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्स प्रणालीत आणि तिच्या शालेय आवृत्तीत मराठीचा समावेश आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहान शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या यंत्रांवरील ‘शुगर’ या प्रणालीत नेहमीच्या अर्थाचा मेनूच नाही. उपलब्ध कृतींची चित्रे एका वर्तुळात मांडलेली असतात, आणि मूल जे करील त्याची नोंद रोजनिशीत आपोआप होते. वाचता न येणाऱ्या मुलासाठी ही मांडणी सोयीची होती. शिक्षकांना मात्र वर्गाला सूचना देताना वर्तुळात ‘वरून तिसरे’ असे काही सांगता येत नसे.

अलीकडील बदल : विंडोज ८ ने (२०१२) स्टार्ट मेनूच्या जागी फरश्यांसारख्या चौकटींचा पडदा आणला व चौकटींची मांडणी दुवा-फाइलींच्या विभागातून काढून एका बंदिस्त साठ्यात नेली. सर्व्हरवरील सामाईक विभागाकडे मेनू वळवण्याची बारा वर्षांची पद्धत शाळांच्या हातून एकाएकी गेली. विंडोज १० मध्ये (२०१५) मेनू परत आला. एका यंत्रावर हवी तशी मांडणी करून ती मजकूर-फाइलीत उतरवायची आणि गट-धोरणाने सर्वांवर लादायची, अशी पद्धत रूढ झाली. त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुधारित आवृत्तीत मांडणीचा काही भाग गोठवून उरलेला विद्यार्थ्याला मोकळा ठेवण्याची सोय झाली. केडीई व ग्नोम यांनी दहा वर्षांपूर्वी केलेला भेद विंडोजने असा उशिरा मान्य केला. विंडोज ११ मध्ये (२०२१) या फाइलीचे स्वरूप पुन्हा बदलले आणि शाळांना जुन्या मांडण्या नव्याने लिहाव्या लागल्या. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने हे काम टाळणेही शक्य राहिले नाही.

गूगलच्या क्रोमबुक यंत्रांत (२०११ पासून) मेनूची जागाच शाळेबाहेर गेली आहे. कोणत्या इयत्तेच्या मुलांच्या पट्टीवर कोणती आज्ञावली टाचलेली असावी, हे व्यवस्थापक आंतरजालावरील नियंत्रण-पटलावरून ठरवतो व यंत्र ते कंपनीच्या सर्व्हरवरून उचलते. शाळेत सर्व्हर ठेवण्याची गरज उरत नाही, आणि विद्यार्थ्याला घरीही तोच मेनू मिळतो. बाहेरची जोडणी तुटल्यास आधी उतरवलेली मांडणी चालू राहते. नवा बदल मात्र जोडणी परत येईपर्यंत पोहोचत नाही. दुसरीकडे डेबियन एड्यूचे काम स्वयंसेवकांच्या बळावर चालू राहिले. त्याची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये निघाली. तीतही शाळेचा मुख्य सर्व्हर शाळेतच असतो आणि त्याचे नाव ‘टेनर’ असेच आहे.